नदी नसलेला ग्रह

सांगलीत नदीकाठच्या गल्लीत एक म्हातारा जुनी पुस्तकं विकतो. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, की तो खालची पुस्तकं वरच्या फळीवर चढवतो. खपणारी आधी. यंदा पोथ्यांच्याही आधी त्यानं परग्रहावर तलवारी घेऊन लढणाऱ्या वीरांच्या फाटक्या कादंबऱ्या उचलल्या.

"या परत खपायला लागल्या?" मी विचारलं.

"लय. तिथं समदं वाळवंट हाय. नदीच न्हाई," भिंतीवरच्या मागच्या पुराच्या रेघेवर बोट ठेवत तो म्हणाला.

मीही तसलीच कादंबरी लिहितोय. घरी येऊन माझ्या ग्रहावरची नदी मी खोडून टाकली. तरी पुलापाशी पाणी किती चढलं, ते विचारायला पुन्हा बाहेर पडलोच.