बिबट्या उसात गेला, बाहेर आला

माझी पोरगी सहा वर्षांची होती तेव्हा तिच्याकडे एकच जोक होता. एक बिबट्या उसात गेला. मग बाहेर आला. संपलं. एवढं सांगून ती पोट धरून हसायची. मी आठवडाभर समजावलं, बाई गं, जोकच्या शेवटी काहीतरी घडावं लागतं, निदान बिबट्यानं कुत्रं तरी न्यावं. ती म्हणाली, "ते तर रोजच नेतो." आमच्या बोरी गावात राहणाऱ्या पोरीला यावर काय सांगणार? अजून अक्कल यायचीय, म्हणून मी विषय सोडला.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पेठचे पाहुणे आले. बहीण बी.एस्सी. झालेली, आळेफाट्याला माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिची अट एकच, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. ती पाहुण्यांच्या कानावर मी घालायची, असं ठरलं होतं. मी म्हटलं, आधी पोहे तर होऊ देत.

पोहे झाले आणि मुलाचे मामा रंगात आले. असा एक मामा प्रत्येक बैठकीत असतोच, बहुतेक सरकारच पुरवत असावं. म्हणाले, "भाऊ, शिकल्याली सून आणली तरी भाकर करपतीच. फकस्त ती का करपली ते सांगती." बैठक हसली. वडील हसले, आई दाराआडून हसली, मी तर मांडीवर थाप मारून हसलो. बहीण मान खाली घालून बसली होती.

पोरगी म्हणाली, "ह्यात हसायचं कुठं?"

मामांनी समजावलं, शिकलेल्या बायकांना घरकाम जमत नाही, त्याची गंमत. समजावलेला जोक गार चहासारखा, कुणी तोंडाला लावेना. त्यात पोरगी म्हणाली, "पण आत्याची भाकर न्हाई करपत."

मामा जरा ओशाळले. "बरं, तू सांग एखादा."

तिनं सांगितला. बिबट्या उसात गेला, मग बाहेर आला.

"मंग?" मामा पुढे वाकले.

"मंग काय न्हाई."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि बहिणीला फिस्सकन हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं लाजायचं असतं, हसायचं काम पाहुण्यांचं. एवढी साधी रीत, पण तीही तिनं मोडली.

दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी जरा जास्तच मोकळी आहे. मी बहिणीवर उखडलो. म्हटलं, चांगलं स्थळ घालवलंस, त्या पोरकट जोकमध्ये हसण्यासारखं होतं तरी काय?

ती कामावर निघाली होती, डब्याला झाकण लावत होती. म्हणाली, "दादा, तिच्या जोकमध्ये कुणाचंच काही वाईट झालं न्हाई, म्हणून हसले. मामांचा जोक माझ्यावर व्हता. तू का हसलास?"