पऱ्हाटीची सासू

वालूरच्या उमाजीचा बाप शेरडं-मेंढरं राखायचा, आणि उमाजीनंही तेच करायचं असं घरात ठरलेलं होतं. पण येलदरीच्या धरणाचं काम निघालं तसा तो तिकडं मजुरीला गेला आणि पाट्या वाहता वाहता वेल्डिंगवाल्याच्या मागं जाऊन उभा राहू लागला. काही वर्षांनी परतला तो एक काळा चष्मा आणि जळक्या भुवया घेऊन. गावाच्या कडेला त्यानं पत्र्याचं शेड टाकलं. वखराची पास, बैलगाडीची धाव, सायकलचं मडगार्ड, जे येईल ते तो जोडून द्यायचा.

त्याची बायको अंबाबाई रोजानं शेतात जायची. कापूस वेचून झाला की रानात वाळकी पऱ्हाटी उभी राहते. ती वाकून, हातानं, मुळासकट उपटावी लागते. त्या महिनाभरात अंबाबाईला भाकरीसुद्धा नीट थापता यायची नाही, तळहात सोललेले असायचे. ते बघून बघून उमाजीनं १९८३च्या हिवाळ्यात एक हत्यार केलं. लांब लोखंडी दांडा, खाली सांडशीसारखं तोंड, तोंडाजवळ जमिनीला टेकायला एक पाय. तोंडात पऱ्हाटीचा बुडखा धरायचा, दांडा खाली दाबायचा, की झाड मुळासकट वर. उमाजीनं स्वतः पाच-पन्नास झाडं उपटून पाहिली आणि खूश होऊन एकदम बारा हत्यारं बनवली.

एकही खपलं नाही.

रोजंदारीच्या बायकांची टोळी सरजाबाई चालवायची. तिला उमाजीनं शेडात बोलावलं. तिनं एक हत्यार उचललं, दोनदा दाबून पाहिलं आणि विचारलं, "उमाजीदादा, पऱ्हाटी कोण उपटतंय? तुमी का आमी?"

"तुमी."

"मंग ह्ये तुमच्या मापाचं कामून केलं? दांडा माझ्या हनुवटीला लागायलाय. उन्हात लोखंड तापंल त्ये येगळंच. आन ह्या फटीत लुगडं गुतलं तर पऱ्हाटी ऱ्हाईल बाजूला, मीच उपटून यीन."

उमाजी चांगला सहा फुटी गडी. आपल्या उंचीची बाई अख्ख्या शिवारात नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो चार दिवस रुसून बसला. पाचव्या दिवशी खिशात सुतळी घालून बाहेर पडला आणि आडावर, गिरणीत, जिथं बाई दिसेल तिथं तिच्या कोपरापर्यंतची उंची मोजून सुतळीला गाठ मारू लागला. लाजरा माणूस, कारण काही सांगेना. मग गावानं कारण शोधलं. सरकारनं बायांची मोजणी काढली आहे आणि उंचीप्रमाणं रॉकेल मिळणार आहे! दुसऱ्या दिवसापासून बाया चवड्यांवर उभ्या राहून माप द्यायला लागल्या. गिरणीतली एक ठेंगणी म्हातारी तर पायाखाली घ्यायला पाट घेऊन आली. सुतळीच्या सगळ्या गाठी चुकल्या. शेवटी अंबाबाईनं दारोदार जाऊन खरं काय ते सांगितलं, तेव्हा कुठं बाया जमिनीवर टेकल्या.

नव्या मापाचं हत्यार हलकं झालं. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, फटीवर पत्र्याची टोपी बसवली. सरजाबाईनं ते रानात चालवून पाहिलं आणि मान हलवली. पण ते सरजाबाईला पटून काय उपयोग? विकत घेणार जमिनीचे मालक, आणि मालकांना काही त्याची गरज वाटेना. "बाया हातानं उपटतेत की," एवढंच ते म्हणायचे.

अशात सेलूचा नागनाथ पेंटर सायकलचं तुटलेलं हँडल जोडायला शेडात आला. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, सिनेमाच्या जाहिरातीचे बोर्ड, सगळं तो रंगवायचा, आणि हात चालला नाही तर त्याची जीभ चालायची. कोपऱ्यातला काळा ढीग बघून त्यानं विचारलं, "ह्ये काय?"

उमाजीनं कौतुकानं सगळं सांगितलं. वर म्हणाला, "माल चांगला हाय. आज ना उद्या लोकच येतील."

"तुमच्या मालाला तोंड हाय, पाय हाय," नागनाथ म्हणाला, "पर त्यो चालत जाऊन सांगायलाय का कुणाला? नाव काय ठुलं?"

"उमाजी कापूस पऱ्हाटी निर्मूलन यंत्र."

"येवढं लिहायचं म्हणल्यावर दांडा अजून दोन हात लांब करावा लागंल."

त्यानं थैलीतून डबा काढून एक दांडा लाल भडक रंगवला. उमाजीचं तोंड वाकडं झालं. "रंगानं काय झाड लवकर निघतंय का?"

"झाडाला दिसत न्हाई. माणसाला दिसतंय. आन रानात पडलं तर सापडंल."

मग ब्रश हवेत धरून तो विचारात पडला. तेवढ्यात उमाजीची आई बायनाबाई आतून अंबाबाईवर ओरडली. चहात साखर कमी पडली होती. नागनाथचा चेहरा खुलला. त्यानं दांड्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: 'पऱ्हाटीची सासू'.

अंबाबाई ते ऐकून पदरात तोंड घालून हसली. बायनाबाई मात्र बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सत्तरीची, काटक बाई. "सासू म्हंजे काय उपटणारी का रे?"

"न्हाई, आजी," नागनाथ गंभीरपणे म्हणाला. "एकदा धरलं की न सोडणारी."

बायनाबाईला ते पसंत पडलं.

आठवडाभरात वालूर आणि आसपासच्या खेड्यांत भिंतींवर एकच ओळ दिसू लागली: 'येत्या बाजारी सासू येतेय. सुनांनी घाबरू नये.' खाली नाव नाही, गाव नाही. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. भिंती आधीच बाजूच्या आणि विरोधाच्या घोषणांनी भरलेल्या, आणि नवी अक्षरं दिसली की पोलीस आधी ती वाचायचे. तिसऱ्या दिवशी नागनाथला पुढं घालून जमादार शेडात हजर.

"ही सासू कुठल्या पक्षाची?"

"कुठल्याच न्हाई, साहेब," उमाजीला घाम फुटला. "लोखंडी हाय."

"मोर्चा किती वाजता निघणार?"

उमाजीनं घाबरत घाबरत हत्यार पुढं केलं. जमादारांनी शेडामागची एक पऱ्हाटी उपटली, मग दुसरी, मग पाच-सहा. त्यांची स्वतःची पाथरीकडं सहा एकर होती. जाताना म्हणाले, "भिंतीवर तेवढं पऱ्हाटीचं नाव लिहा. आमच्या डोक्याला ताप नको."

"बाजार झाल्यावर लिहितो," नागनाथ म्हणाला. "आज लिहिलं तर बघायला कोण येईल?"

बाजारच्या दिवशी दुपारी दत्तरावांच्या रानात ही गर्दी. गावातले मोठे शेतकरी ते. त्यांनी बाजाराला लागून असलेलं रान दिलं होतं, पण एका अटीवर. त्यांचा सालदार ग्यानबा हातानं एक ओळ उपटेल, सासूनं दुसरी उपटायची. ग्यानबा म्हणजे कापसाचं गाठोडं एकट्यानं गाडीत टाकणारा. नागनाथनं उमाजीच्या कानात सांगितलं, "आपल्या ओळीतली झाडं सकाळी जरा हलवून ठिवली असती तर?" उमाजीनं त्याच्याकडं असं पाहिलं की पेंटर पुन्हा तो विषय काढायला धजला नाही.

सासू चालवायला कोण, हे बायनाबाईनंच ठरवलं. पदर खोचून ती पुढं आली तेव्हा लोक हसले. दत्तरावही हसले.

ग्यानबा वाऱ्यासारखा सुटला. अर्धी ओळ गेली तरी बायनाबाई पाव ओळीत. पोरंटोरं "सासू हरली" ओरडायला लागली. उमाजी खाली मान घालून उभा. ग्यानबानं ओळ संपवली आणि तो बांधावर मटकन बसला. हात उघडले तर फोड फुटलेले, पाठ धरून कण्हायला लागला. बायनाबाई आपल्या चालीनं आली, ओळ संपवली आणि कुणी थांब म्हणालं नाही म्हणून वळून दुसऱ्या ओळीला लागली. तीही निम्मी झाली. दाबता दाबता ती शेजारच्या बायांशी तंबाखूच्या भावावर बोलत होती.

"माय, बास आता," उमाजी धावला.

"कामून? ग्यानबाला म्हणावं ऊठ, अजून रान शिल्लक हाय."

ग्यानबा उठला नाही. पुरुष मंडळी म्हणाली, जिंकला तर ग्यानबाच. बाया बायनाबाईच्या मागं पडलेली पऱ्हाटी मोजत राहिल्या. सरजाबाई मात्र दत्तरावांपुढं जाऊन उभी राहिली. "मालक, उद्यापासून माझी टोळी जिथं सासू आसंल त्याच रानात जाईल. रोज तोच, काम जादा. जिथं न्हाई, तिथल्या मालकानं ग्यानबाला बोलवावं."

पऱ्हाटी वेळेत निघाली नाही तर नांगरट अडते. दत्तरावांनी ग्यानबाकडं पाहिलं. तो फोडांवर फुंकर घालत होता. संध्याकाळपर्यंत उमाजीच्या शेडापुढं जिंतूर रस्त्यावरच्या खेड्यांतले मालकसुद्धा उभे होते, आणि लोखंड संपल्यामुळं तो त्यांना हात जोडत होता.

श्रीमंत तो झाला नाही. पुढच्या आठ-दहा वर्षांत शेड पक्कं झालं, अंबाबाईनं रोजानं जाणं सोडलं. लोक त्याला 'सासूवाला उमाजी' म्हणू लागले, ते त्याला अजिबात आवडायचं नाही.

एकदा परभणीच्या शेती प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. व्यासपीठावर मोठे साहेब होते, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या सासूबाई. साहेबांनी कागदावरचं नाव वाचलं, घसा खाकरला आणि पुकारलं, "कापूस अवशेष उत्पाटक!" कुणीच उठलं नाही. परत पुकारलं. उमाजी टाळ्या वाजवायच्या तयारीत, कुणाचं बक्षीस आहे म्हणून मागं वळून बघत होता. शेवटी बायनाबाईनं त्याला ढोसलं. "उठ रे, तुझ्याकडंच बघायलेत समदे."

नंतर साहेबांना हौस आली. कोट काढून त्यांनी स्वतः दांडा हातात घेतला आणि जोरात दाबला. काहीच हलेना. पुन्हा दाबला. घाम आला. बायनाबाई जवळ गेली, वाकून खाली पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, पाय काढा. तिनं तुमचा बूट धरलाय."

सगळ्यांत आधी साहेबांच्या सासूबाई हसल्या.