दोन पाट्यांची एक रिक्षा

रिव्हर्समध्ये अख्ख्या गावाला फेरी मारणारा रिक्षावाला आमच्या भागात मी एकटाच असेन. तीसुद्धा ग्रामपंचायतीच्या प्रचारात, भोंगा चालू ठेवून. आजही कुणी विषय काढला की मला आधी घाम फुटतो आणि मग हसू येतं.

मी मूळचा गडचिरोलीकडचा. सातवीत शाळा सुटली. शहरातल्या क्रांती चौकात एका हॉटेलात कपबश्या विसळायला म्हणून इकडं आलो, पुढं रिक्षा शिकलो आणि वेरूळच्या रस्त्यावरच्या एका गावात खोली घेतली, कारण पर्यटकांची भाडी त्याच रस्त्यानं मिळतात. खोली एका शिलाईकाम करणाऱ्या मावशींची. राहायला आलो आणि लगेच तापानं पडलो. घरचं माणूस इतकं लांब की बोलावून उपयोग नव्हता. मावशींनी मऊ भात करून घातला, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या आणि वर दम भरला, "एवढं भ्यायला काय झालं रं? ताप हाय, वाघ नाय." आमच्याकडं वाघही असतो.

भिणं हा माझा स्वभावच. फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. त्यामुळं निवडणुकीत मी कधी कुणाच्या मागं फिरलो नव्हतो. पण त्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि बचत गटातल्या बायांनी मावशींना उभं केलं. समोर बागायतदाराच्या घरची सून. तिला सगळं गाव वहिनी म्हणतं.

मागच्या निवडणुकीनं गावाचे डोळे उघडले होते. तेव्हा रोज ढाब्यावर पंगती, घरोघर साड्या, दारात जीपगाड्या. जो निवडून आला त्यानं पाच वर्षं घातलेला पैसा काढण्यात घालवली. जो पडला त्यानं रस्त्याकडची जमीन विकली, आणि तो वहिनींच्याच घरचा. खर्चाला सरकारी मर्यादा असतेच, पण ती कागदावर सांभाळता येते. म्हणून जत्रा कमिटीच्या तात्यांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली आणि गावानं आपली वेगळी, त्याहून पुष्कळ खालची मर्यादा ठरवली. दोघी उमेदवारांत मिळून एक रिक्षा, एक भोंगा, प्रत्येकीची एकच पाटी. खर्च जत्रेच्या शिल्लकीतून, आणि तहसीलात दाखवताना दोघींच्या नावावर निम्मा-निम्मा. स्वतःच्या पदराचं कुणीच काही घालायचं नाही. एकीनं मोडलं तर दुसरी मोकळी.

"चहा तरी पाजता यील का?" वहिनींनी विचारलं.

"यील की. पारावर, दोघींच्या नावानं एकच किटली," तात्या म्हणाले.

"अन् साखर कुणाच्या नावची?"

पार हसला. मावशी मात्र हसल्या नाहीत. पदर खोचून उभ्या राहिल्या. "हे पाळणार असाल तर मी उभी. उद्या मोडलं, तर नाव राहू द्या मतदानाच्या यंत्रावर, मी आपली शिवायला बसंन. माझ्यापाशी उधळायला चिंध्या तेवढ्या हायत."

मग भोंग्यावर बोलायचं कुणी, यावर खल झाला. ज्याचं नाव निघे तो कुणाचा तरी भाचा नाहीतर साडू. शेवटी तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याचं हितं ना सोयरं ना धायरं. ह्याला करू द्या."

"अन् मावशीच्या घरचा भात?" वहिनींचा दीर मागून ओरडला.

"भात खाल्ल्यानं भोंगा वाकडा वाजतो व्हय रं?"

झालं. मला नाही म्हणता आलं नाही. वाचायचं म्हटलं की मी अडखळतो, म्हणून दोन्ही घोषणा पाठ केल्या. सारख्या लांबीच्या, सारख्या आवाजात. आधी एकीचं नाव, पुढच्या वळणावर दुसरीचं. तात्या पारावर डोळे मिटून ऐकायचे, गवयाचं ऐकावं तसं. तरी पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून "मतदान काहून करायचं" असं, 'का'च्या जागी आमच्याकडचं 'काहून' निघून गेलं आणि पोरांनी माझं नावच पाडलं, काहून काका. मला ते आवडलं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दोन-तीन दिवस सुरळीत गेले आणि एका सकाळी दिरानं रिक्षा अडवली. सोबत चारपाच जण.

"उतर खाली. आमच्या वहिनीची पाटी कुणाला दाखवतो रं तू? नाल्याला?"

मला काही कळेना. मग त्यानं नाल्याकडं हात करून दाखवलं. आमच्या गावात मारुती मधोमध, त्याच्या भोवती घरं आणि घरांच्या बाहेरून सिमेंटचा एकच रस्ता. मी सवयीनं प्रदक्षिणेसारखा फिरत होतो, म्हणजे घरं कायम उजव्या हाताला आणि नाला नि शेतं डाव्या. उजव्या अंगाला बांधलेली पाटी मावशींची होती. डावीकडची, वहिनींची पाटी इतके दिवस म्हशी वाचत होत्या.

"भात बोलला म्हणायचा," दीर म्हणाला. "ठराव मोडला. आता आमच्या जीपा निघतील शहरातून."

मी शपथा घेतल्या. मुद्दाम केलं नाही हे खरं होतं, पण माझ्यासारख्या परक्याचं खरं कुणाला पटणार? मावशी ओट्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. तशाच आत गेल्या आणि शिलाई यंत्राचा आवाज सुरू झाला. तो आवाज मला रोज ऐकू यायचा, त्या दिवशी ऐकवेना. माझ्या एका फेरीपायी त्या पारावर बोलल्याप्रमाणे शिवायला बसल्या होत्या.

पारावर पुन्हा सगळे जमले. उलटा फीर, एक जण म्हणाला. तात्या ताडकन उठले. "मारुतीला उलटी फेरी? मी जिता हाय तवर नाय." नाल्यापलीकडं घरं बांधा, असं एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं. फेरी सुलटीच ठेवायची, पण रिक्षा मागं-मागं न्यायची. तोंड उलटं, म्हणजे डावी बाजू घरांकडं.

आणि मी निघालो. मान मागं वळवलेली, एका हातात माइक, दुसऱ्या हातात हँडल. रिव्हर्सला रिक्षा अशी कण्हते की भोंग्यातून निम्मी घोषणा आणि निम्मं कण्हणं जात होतं. पोरं पुढून पळत सांगत होती, "काका, कुत्रं! काका, खाट!" कोंबड्या उडाल्या. एक आजी दारातून म्हणाली, "हा परत घरी चालला वाटतं." शिलाई यंत्र थांबलं होतं. मावशी ओट्यावर आल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

फेरी निम्मी झाली तशा वहिनी समोर आल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसून झालेलं.

"थांबा वो भाऊ, थांबा. मान मोडंल तुमची. पाट्यांची तार सोडा अन् अदलाबदल करा की! सकाळी हिकडं, दुपारून तिकडं."

रिक्षासोबत चालत आलेल्या तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग मघाशी का नाय बोललीस गं?"

"मघाशीच सुचलं व्हतं, तात्या. पर खर्चाला बंदी हाय, करमणुकीला थोडीच हाय?" मग दिराकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, जीपवाल्यांना फोन करून नको म्हणा. एक जमीन गेली तेवढी बास."

दीर खाली बघत हसला आणि स्वतःच पक्कड घेऊन तार सोडायला लागला. मावशींनी त्या दिवशी कपडे बाजूला सारले आणि बायांना घेऊन घरोघर फिरायला निघाल्या.

मत मी कुणाला दिलं ते सांगणार नाही. मतमोजणीला तालुक्याला जाताना दोघींनी वेगळ्या गाड्या करायला नकार दिला, ठरावात एकच रिक्षा होती म्हणून. मागच्या सीटवर दोघी, मध्ये वहिनींच्या घरचा डबा. मावशी डब्याला हात लावत नव्हत्या आणि वहिनी त्यांना आग्रह करत होत्या.

मावशी निवडून आल्या. थोडक्यात, पण आल्या. मी तहसीलच्या आवारात रिक्षाला टेकून रडलो. वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "पडले मी अन् रडता तुम्ही?" मग स्वतःच पेढे घेतले.

येताना मागं नुसता कलकलाट. "पुढच्या खेपेला बघते तुम्हाला," वहिनी म्हणत होत्या. "बघ की. पर आधी माझ्याकडनं झंपर शिवून घे, त्या टेलरनं पार वाट लावली," मावशी म्हणत होत्या. गावाच्या वेशीवर लोक उभे होते. दिरानं रिक्षात डोकावून एकीच्या तोंडाकडं बघितलं, मग दुसरीच्या.

"अरे, पर आलं कोण?" त्यानं मला विचारलं.

दोघींच्या हसण्यावरून त्याला कळेना. मी भोंग्याचं बटण दाबलं.