मालनबाईंची बाज

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई त्याआधीच गेली होती. म्हणून १९७८ साली मी नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांतच बाळंतीण झाले. हे सकाळी सातला कामावर जायचे, मग दिवसभर मी, पोर आणि चार भिंती. माणूस म्हणून यायच्या त्या मालनबाई, आम्हा दोघींना न्हाऊ घालायला.

पन्नाशीच्या, पेठकडच्या, एकट्या. पहिल्याच दिवशी पोरीला हात लावायच्या आधी त्यांनी झोळ जावा म्हणून माझ्या बाजेच्या पायथ्याची दोरी पाय रोवून ताणली. तरी त्यांचं समाधान होईना. "बाजंवर पाजायचं नाय. खाली बस, भिताडाला टेक." मांडीवर गोधडीची घडी, पोरीचं पोट माझ्या पोटाला, डोकं आणि पाठ सरळ, नाक मोकळं. "तू वाकू नगं. पोरीला वर घे." रोज तेच. मी बी.ए. झालेली, मला जाम राग यायचा. संध्याकाळी ह्यांच्यापुढे मी त्यांची नक्कलसुद्धा करायचे.

विसाव्या दिवशी न्हाणं, शेक, धुरी सगळं आटपून त्या गेल्या. अंग सैल पडलं होतं. मी मुद्दाम बाजेवर आडवी झाले आणि पोरीला पाजायला जवळ घेतलं. हो, मुद्दामच. डोळा लागला. जाग आली ती मालनबाईंच्या ओरडण्याने. तेलाची वाटी विसरली म्हणून त्या परत आल्या होत्या. बाजेच्या झोळात पोर माझ्याकडे घरंगळली होती, तिचं नाक माझ्या अंगात रुतलं होतं. त्यांनी तिला उचललं, पाठ चोळली, तेव्हा कुठे ती रडली. मीही रडले.

आता ह्या मला फाडून खाणार, असं वाटलं. पण त्या मटकन खाली बसल्या.

"माझी नाय रडली," त्या म्हणाल्या. "अशीच दुपार व्हती. न्हाऊन मी बाजंवर निजले, पोर अंगाशी. सासू म्हनली, दिष्ट लागली. समदे तेच म्हनले. मंग मी बी तेच म्हनले."

सव्वीस वर्षं त्या तेच म्हणत आल्या होत्या. खरं त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या, तेही माझ्यासारखीपाशी.

सव्वा महिना झाला, त्यांचं काम संपलं, त्या यायच्या थांबल्या. मला घर खायला उठलं. आठ दिवसांनी पोरीला घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. जमिनीवर एक वाकळ, कोपऱ्यात चूल, आणि भिंतीला उभी टेकवलेली जुनी बाज. उभी बाज अशुभ, घरात कुणी ठेवत नाही.

"मावशी, हिच्यावर झोपत का नाही?"

"तीच हाय ती," त्या म्हणाल्या. "टाकू कशी? तिचं म्हनून दुसरं काय बी नाय माझ्यापाशी."

पोर किरकिरायला लागली. मी भिंतीला टेकून बसले, मांडीवर घडी घेतली आणि तिला वर उचलून पाजायला लागले. मालनबाई समोर बसल्या आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिच्या नाकाकडे बघत राहिल्या.