सेल्विनचा ठोका

इंग्लंडातल्या टिप्टन गावात कुणी सिग्नलचा दिवा हिरवा व्हायच्या आत गाडी दामटली, किंवा पाद्रीबाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच नवरीचा मुका घेतला, तर लोक म्हणतात, ‘केला बघ याने सेल्विन!’ जिवंतपणी गावाच्या तोंडी आपलं नाव बसणं म्हणजे नशीबच म्हणायचं. पण सेल्विन ट्रँटरला हे नशीब पंचावन्न वर्षं घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं सलत होतं.

घडलं होतं एवढंसंच. अडुसष्ट साली गावातल्या चार पोरांच्या ‘सिंडर बँक’ नावाच्या बँडने एक तबकडी काढली. देस हॅडली गायचा, सेल्विन ड्रम वाजवायचा. तबकडी अशी काही चालली की विचारू नका, जुन्या रॉकचे शौकीन आजही तिच्यावर जीव टाकतात. तिच्यातल्या चौथ्या गाण्यात मधेच सगळं थांबतं. नुसती गिटार टिपटिपत राहते. सोळा मोजायचे आणि मग ड्रमने धाडकन उतरायचं, असं ठरलेलं. सेल्विन तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याचा धीर पंधराव्यालाच सुटला. बाकीचे तिघे बिचारे पडत धडपडत त्याच्या मागे धावले. मग त्यांनी तेच गाणं पुन्हा नीट वाजवलं, पण का कोण जाणे, तबकडीत गेलं ते चुकलेलंच.

पुढे त्याच्या मैत्रिणीला, ग्लेनिसला, दिवस गेले, दोघांनी घाईघाईने लग्न उरकलं, सेल्विनने ड्रम विकले आणि गॅस बसवायच्या कामाला लागला. बँड लंडनला निघून गेला. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. बायको चांगली, पोरगी चांगली, हाताला काम चांगलं. वाईट वाटायचं ते त्या एका ठोक्याचं. कुणाच्या घरी शेगडी लावायला गेला की घरधनी हमखास म्हणायचा, ‘आज तरी वेळेवर आलास रे बाबा!’ त्याचा धसका घेऊन तो जन्मभर सगळीकडे मुद्दाम उशिरा जात राहिला. पोरीच्या लग्नालासुद्धा. ग्लेनिसने त्याबद्दल त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि करूही नये.

त्यातून नॉर्मा टिबेट्सचा ‘बार्ज’ नावाचा पब. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारचं जेवण झालं की तिथे ती तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायची, हा गावाचा रिवाज. मधे कुणी बोलायचं नाही. नॉर्माचा दिवंगत नवरा एकदा मधेच शिंकला तर त्याला तिने बाहेर काढलं होतं, स्वतःच्याच पबमधून. आणि चौथ्या गाण्यात तो ठोका आला की अख्ख्या पबने त्याच क्षणी टेबलावर हात आपटायचा. सेल्विन हे सगळं फक्त भिंतीपलीकडून ऐकत आला. तिसरं गाणं संपत आलं की तो मागच्या अंगणातल्या मुतारीकडे निघायचा. तिथे उभं राहून त्याला आधी धाड ऐकू यायचं आणि मग हशा. परत आला की शेजारचा हॉरिस पार्जेटर विचारायचा, ‘काय, या वेळी तरी वेळेवर झाली का?’ हा हॉरिस त्याचा शाळेपासूनचा दोस्त. असले दोस्त असले की वैरी शोधायला लागत नाहीत.

तर या वर्षी तबकडी काढणाऱ्या कंपनीने ठरवलं की जुनी टेप साफसूफ करून, नवा आवाज देऊन तबकडी पुन्हा काढायची. ते काम मिळालं हरलीनला. पोरगी जवळच्या स्मेदिकची. तिचा बाप लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होता आणि ही तबकडी ऐकत ऐकतच ती लहानाची मोठी झाली. चौघांपैकी गावात उरला होता एकटा सेल्विन. देस चार वर्षांपूर्वी वारला, उरलेले दोघे ऑस्ट्रेलियात. म्हणून ती यंत्र घेऊन थेट सेल्विनच्या स्वयंपाकघरात आली.

तिने कळ दाबली आणि सेल्विनच्या हातातला चहा हातातच राहिला. वर्षानुवर्षं त्या गाण्यांवर एक खरखर पसरलेली असायची, ती गेली होती. काजळी धरलेली खिडकी कुणीतरी आतून बाहेरून पुसून काढावी तसं झालं. गिटारीच्या तारेवरून सरकणारं बोट ऐकू येत होतं. स्वतःच्या हातातला वाजवायचा तारेचा ब्रश झांजेवरून फिरताना ऐकू येत होता, आणि तो पोरगा चांगला वाजवत होता, हे सेल्विनला मान्य करावं लागलं. दुसऱ्या गाण्यात देसने तोंड उघडण्याआधी श्वास घेतला, तोही ऐकू आला. जिवंत माणसाचा श्वास. ग्लेनिसने ओट्याकडे तोंड फिरवलं आणि धुतलेलीच बशी परत धुवायला घेतली.

मग हरलीनने हळूच विषय काढला. चौथ्या गाण्याचं नीट वाजवलेलं दुसरं ध्वनिमुद्रण तिला टेपवर सापडलं होतं. तेवढा तुकडा तिथे बसवता येईल, सांधा कुणाला कळणारही नाही. मात्र बँडपैकी कुणाचा तरी होकार हवा.

“मिस्टर ट्रँटर, मी आपणहून असलं काही करत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तसं.”

“बसव,” सेल्विन म्हणाला. “आणि मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नकोस, बाळा.”

ग्लेनिस एवढंच म्हणाली की चूक झाली तेव्हा ती त्याची होती, आता ती त्याची एकट्याची राहिलेली नाही, नीट विचार कर. सेल्विनला तो बायकी वेडेपणा वाटला. नवरे असंच म्हणतात आणि मग तोंडावर पडतात.

शेवटच्या रविवारी हरलीन नव्या तबकडीची नमुना प्रत घेऊन बार्जमध्ये हजर. गावाने ऐकावं, सोमवारी तबकड्यांची छपाई सुरू. पब खच्चून भरला. नॉर्माने डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे आणि चीज-कांद्याचे पाव आधीच वाटून टाकले, म्हणजे नंतर कुणाच्या दाताचा आवाज नको. सुई टेकली आणि पहिल्याच सुरावर लोकांच्या भुवया वर चढल्या. हॉरिसने तर टोपी काढून मांडीवर ठेवली. देसचा श्वास आला तेव्हा त्याची बहीण तोंडावर रुमाल धरून बसली. इतक्या वर्षांची पाठ झालेली गाणी, पण माणसं ती पहिल्यांदा भेटल्यासारखी ऐकत होती.

तिसरं गाणं संपलं. हॉरिसने सवयीने पाय बाजूला घेऊन सेल्विनला वाट करून दिली. सेल्विन हलला नाही. आज त्याला भीती नव्हती. उलट गावाची थोबाडं कशी पडतात ते त्याला डोळे भरून बघायचं होतं.

चौथं गाणं सुरू झालं, मधे आलं, थांबलं. गिटार टिपटिपू लागली. आणि सेल्विनने आयुष्यात पहिल्यांदा ती माणसं पाहिली. नॉर्माने पेला खाली ठेवला होता. देसच्या बहिणीने डोळे मिटले होते. हॉरिसचे ओठ मोजत होते. एकेक हात वर उचलला जात होता, आणि एकाच्याही चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. घरचं माणूस यायचं असलं की दाराकडे बघतात, तशी ती सगळी बघत होती.

पंधरा. धाड!

चाळीस-पन्नास हात एकदम टेबलांवर पडले. पेले उडाले. आणि तबकडीत काहीच झालं नाही. गिटार आपली टिपटिपतच राहिली. मग सोळाव्याला ड्रम आला, अगदी बिनचूक, जिथे यायला हवा तिथे. त्याच्यासोबत एकही हात पडला नाही.

अख्ख्या गावाने सेल्विन केला होता. हात तसेच टेबलांवर ठेवून माणसं एकमेकांकडे बघत राहिली. नॉर्माने सुई उचलली. गाणं मधेच थांबवलं गेलं असं त्या पबमध्ये कधी झालं नव्हतं.

हॉरिस हरलीनकडे वळला. “पोरी, बाकीचं छान केलंस. पण आमचा माणूस कुठाय?”

हरलीनचे कान लाल झाले. तिने खाली बघितलं, पण तोंड उघडलं नाही. शब्दाची पक्की निघाली पोरगी. सेल्विनला ते बघवेना. तो उभा राहिला.

“तिला नका बोलू. मी काढायला सांगितलं. पंचावन्न वर्षं हसताय तुम्ही मला.”

“हसतो तर,” हॉरिस म्हणाला. तो चिडला होता, खरोखरचा. “अरे गाढवा, तू येतोस म्हणून हसतो. ती गिटार चालू असते ना, तेव्हा जीव टांगणीला लागतो माणसाचा. माझी बायको एडना गेली, त्या महिन्यात मी इथे येऊन बसलो होतो. वाटलं, ही शांतता आता संपतच नाही. आणि तू आलास. वेळेच्या आधी आलास. त्या दिवशी पहिल्यांदा हसलो मी. तू कुठे होतास तेव्हा?”

सेल्विन तेव्हा अंगणात भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने ग्लेनिसकडे बघितलं. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणायचा तिचा हक्क होता, पण तिने तो बजावला नाही, नुसती त्याची बाही धरली. डोळे पुसायला त्याला रुमाल सापडेना, तेव्हा हॉरिसने शिव्या देत आपला दिला.

“हरलीन,” सेल्विन म्हणाला, “छपाई उद्या आहे ना?”

“सकाळी. आज संध्याकाळपर्यंत बदलता येईल.”

“मग मला परत आत घे, बाळा.”