निरोगी, क्रमांक सात

आमच्या प्रयोगशाळेत एक जुनी रीत होती. आजारी माणसाचं रक्त तपासायचं तर तुलनेला निरोगी माणसाचंही लागतं, आणि निरोगी माणूस आपणहून रक्त द्यायला कशाला येईल? मग चहाच्या टेबलापाशी जो सापडेल त्याची बाही वर करायची. पीएचडीनंतर चंडीगडला पोस्टडॉक म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात मीही हात पुढे केला, सहीबिही केली. रक्ताच्या नळीवर नावाऐवजी नुसता कोड लागला आणि वहीत नोंद झाली: निरोगी, क्रमांक सात. पुढे मी ते विसरूनही गेले.

माझं काम गव्हाचं. काही लोकांचं शरीर गव्हाला शत्रू समजतं, त्याच्यावर चालून जातं, आणि त्या मारामारीत झिजतं ते आतड्याचं अस्तर. याचं पक्कं निदान करायला घशातून नळी घालून आतड्याचे बारीक तुकडे काढावे लागतात. माझं म्हणणं असं की, एका ठरावीक जातीच्या पेशी रक्तातच मोजल्या तर ती नळी टाळता येईल. दोन वर्षं मी याच एका गोष्टीमागे होते. आमच्या रुग्णांत पंचकुल्याची एक बाई होती. निदान झालं तेव्हा ती रडत म्हणाली, "बेटा, अब गुरुद्वारे का प्रसाद भी ना लूँ?" तो प्रसाद म्हणजे कणकेचा शिराच.

सगळे नमुने मोजून झाल्यावर कोडची वही उघडली. आलेखात आजारी लाल ठिपके वर, निरोगी हिरवे खाली. इतकं सुरेख की मला वेड लागायची पाळी आली. फक्त एक हिरवा ठिपका थेट लाल घोळक्यात जाऊन बसला होता. वहीत पाहिलं तर क्रमांक सात. म्हणजे मीच!

पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच. नेहमीची अँटिबॉडीची चाचणी केली, तर ती धड हो म्हणेना की नाही म्हणेना. आता काय समजायचं? इथे आल्यापासून माझं पोट फुगायचं खरं, पण सोलापूरकडची भाकरी सोडून तिन्ही त्रिकाळ पराठे खाल्ल्यावर कुणाचं फुगणार नाही? मी आजारी असेन तर माझी पद्धत इतकी तल्लख, की मला कळायच्या आत तिनं मला पकडलं. मी ठणठणीत असेन तर पद्धतच खोटी पडते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी तीच नळी माझ्या घशात घालायचं ठरलं. पोटाच्या डॉक्टरांनी बजावलं, तोवर गहू सोडायचा नाही, नाहीतर आजार असला तरी दिसणार नाही. सेक्टर २२मध्ये माझ्या खोलीखालीच छोले-भटुऱ्यांचं दुकान. मी रोज तिथे जाऊन भटुरे खाऊ लागले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी नुसती खात नाहीये, तपासणीत आजार सापडावा म्हणून खातेय. पंचकुल्याची बाई आठवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी प्लेट संपवलीच.

आठवड्याभरानं डॉक्टरांनी रिपोर्ट हातात ठेवला आणि हसून म्हणाले, "बधाई हो जी! सब क्लियर है. जी भर के रोटी खाओ."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि आईला फोन लावला. तिनं माझ्यासाठी सोमवार धरले होते.

"काही नाही निघालं," मी म्हटलं.

"देव पावला गं बाई!" ती म्हणाली. मग माझा आवाज ऐकून, "अगं, मग रडतीयस का?"

दोन वर्षांचं काम बुडालं म्हणून, की मी बरी आहे याचा आनंद होत नाही म्हणून, हे माझं मलाच कळत नव्हतं. "सर्दी झालीय," म्हटलं आणि फोन ठेवला.

आमच्या प्रमुख मॅडम समजूतदार. त्या म्हणाल्या, "एकच पॉइंट आहे यार, काढून टाक. जी मोजणार तिचंच रक्त घ्यायला नको होतं." हे कारण खोटं नव्हतं, घोडं तिथेच पेंड खात होतं. खोटं असतं तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

मी सात नंबर काढला. आलेख पुन्हा सुरेख झाला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. माझ्यासारखीच कुणी धडधाकट बाई उद्या या चाचणीवरून आजारी ठरली, तर तिचा प्रसाद मी विनाकारण तोडणार होते. की त्या पेशी खरंच काही सांगत होत्या, आणि नळीलाच ते अजून दिसत नव्हतं? मला ठरवता येईना. आजही येत नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी पहिलाच आलेख पडद्यावर लावला. लालांच्या घोळक्यात तो एकटा हिरवा. मागून कुणीतरी विचारलं, "ये कौन है?"

मी हात वर केला.