पोच्याची बाजू

अख्ख्या भिवंडी तालुक्यात रडण्याचा वार ठरलेला माणूस एकच असेल, आणि तो माझा सासरा आहे. शनिवार संध्याकाळ सोडली तर या माणसाच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी सगळा मांडव हुंदके देत असताना ते मांडववाल्याशी फाटक्या कनातीवरून भांडत होते. वडपे गावातली भाताची जमीन गोदामाला दिली, त्या दिवशी शेवटच्या बांधावर उभं राहून त्यांनी केळं खाल्लं आणि साल कुठे टाकू म्हणून विचारलं. पण शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर तो परदेशी कार्यक्रम लागला की ते धोतराचा सोगा हातात धरून तयारीने बसतात. लोक आपल्या घरातल्या जुन्या, मोडक्या, जिवापाड जपलेल्या वस्तू एका मोठ्या शेडमध्ये घेऊन येतात, तिथले कारागीर त्या दुरुस्त करतात, आणि शेवटी घरच्या माणसांसमोर वस्तूवरचं कापड उचलतात. कापड हललं की सासऱ्यांचे डोळे भरतात. वस्तू दिसेपर्यंत ते थांबतही नाहीत.

कार्यक्रम हिंदीत बोलतो आणि सासरे त्याच्याशी आपल्या वडप्याच्या बोलीत बोलतात. तिथले कारागीर त्यांच्या घरचेच झाले आहेत. घड्याळवाला म्हातारा त्यांना आवडतो, कारण तो कमी बोलतो. शिवणकाम करणाऱ्या बाईची त्यांना काळजी वाटते. "हिला कोन जेवायला घालतो का न्हाय?" असं त्यांनी मला एकदा इतक्या कळकळीने विचारलं की मला उत्तर न देता आल्याची खंत आठवडाभर राहिली. मध्ये जाहिरात लागली तरी खोलीत कुणी बोलायचं नाही. माझ्या मेहुण्याने एकदा त्या वेळी फोन उचलला, तर त्याला अंगणात जेवायला वाढलं गेलं.

या कार्यक्रमाचा पहिला परिणाम असा झाला की सासऱ्यांनी स्वतः दुरुस्त्या सुरू केल्या. शेत गेलं, गोदामाचं भाडं येतं, हात रिकामे. त्यात पेचकस आला. त्यांनी शेजाऱ्याची छत्री दुरुस्त केली. ती उघडते उत्तम, पण मिटत नाही. शेजाऱ्याने ती तशीच ओटीवर टांगली आहे आणि तिच्याखाली त्याची मांजर झोपते. कधी कधी ते गोदामात चक्कर मारतात. जिथे त्यांचं भात डोलायचं तिथे आता छताला टेकलेली खोकी आहेत. एकदा मीही बरोबर होतो. त्यांनी मान वर करून त्या खोक्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जावय, हे सगलं अजून मोडायचं हाय."

दुसरा परिणाम कापडाचा. घरात कुठलीही गोष्ट आता उघडी येत नाही. दुरुस्त करून आणलेला मिक्सर पंच्याखाली, नातीची मार्कांची यादी पंच्याखाली, बाजारातून आणलेले ओले बोंबील तर दोन पंच्यांखाली. स्वतःची नवी कवळी त्यांनी टेबलावर हातरुमालाखाली ठेवून आम्हा सगळ्यांना भोवती उभं केलं होतं. या सोहळ्याला सासूबाईंनी कधी दाद दिली नाही. त्या येता येता कापड ओढून घेतात, त्यालाच हात पुसतात आणि म्हणतात, "निवंल ते. जेवा आधी."

माझ्याबद्दल इथे थोडं सांगणं भाग आहे. मला जन्मापासून अपराधी वाटतं. रिक्षावाल्याने मला चुकीच्या गल्लीत सोडलं तर मी त्याची माफी मागतो. दाराला धडकलो तर दाराची मागतो. सासऱ्यांना याची फार मौज वाटते. "जावय," ते म्हणतात, "माफी काय लग्नातली बुंदी हाय, दिसंल त्याच्या पानात वाढायला?" ते स्वतः कुणाची माफी मागत नाहीत. मागितल्याचं कुणी ऐकलेलंही नाही.

त्यांच्या घरात टीव्हीशेजारच्या फळीवर एक पितळेची कळशी असते. माझ्या पहिल्या दिवाळसणाला माझा धक्का लागून ती हलली, आणि बघतो तर तिच्या पोटाला मुठीएवढा पोचा. मी घामाघूम झालो, हात जोडून सासूबाईंना म्हणालो की माझ्याकडून मोठी चूक झाली, नवी आणून देतो. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तो पोचा तुमचा न्हाय." आणि त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे उठून म्हैस बघायला गेले. त्या वेळी म्हैस विकून झाली होती.

त्यानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सासरे येता जाता ती कळशी फिरवून पोचा भिंतीकडे करायचे. थोड्या वेळाने सासूबाई पदराने धूळ पुसल्यासारखं करून तो पुन्हा माणसांकडे करायच्या.  मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, तिला कळायला लागल्यापासून हे असंच चाललं आहे आणि घरात कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी एका शनिवारी कार्यक्रमात कुणा म्हाताऱ्या बाईचा तांब्याचा किटलीसारखा चंबू आला. कापड उचललं, बाईने तो छातीशी धरला आणि म्हणाली की आता माझे वडील घरी आल्यासारखं वाटतं. सासरे नेहमीसारखे रडले, पण या वेळी थांबेनात. दुसऱ्या दिवशी सासूबाई शेजारी गेल्याचं बघून त्यांनी कळशी पिशवीत घातली आणि मला फोन केला की स्कूटर घेऊन या, निजामपुऱ्यात कासाराकडे जायचं हाय.

वाटेत कंटेनरांच्या रांगेत आम्ही अडकलो. मी पुढे बघत होतो, ते माझ्या मागे, मांडीवर कळशी. समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माणसाला बोलणं सोपं जात असावं. हॉर्नच्या गोंगाटात, माझ्या कानाशी ओरडून, त्यांनी ती हकिकत सांगितली. नवीन लग्न झालेलं. सासूबाईंचे वडील लेकीसाठी ही कळशी खांद्यावर घेऊन चालत आले होते. ओटीवर सासऱ्यांचे चार दोस्त बसलेले. त्यांच्यासमोर भाव खायला म्हणून सासऱ्यांनी कळशीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "पत्रा पातल हाय. मामांनी माल बघून घेतलेला दिसत न्हाय." दोस्त हसले. आतून नवी नवरी बाहेर आली, तिने कळशी उचलली आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटली. "बघा, चिरते काय," म्हणाली. चिरली नाही. पोचा पडला. वडिलांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेले. पुन्हा येण्याआधी, त्याच पावसाळ्यात, ते वारले.

"मी त्यांच्यामागं जायला पायजे होतो," सासरे ओरडले. "नाक्यापर्यंत तरी." मग रांग सुटली.

निजामपुऱ्यात यंत्रमागांच्या खडखडाटात कासारानेही ओरडूनच बोलणं केलं. कळशी त्याने गुडघ्यावर घेतली, आतून बाहेरून ठोकली. "चाचा, माल बहोत जाडा है," तो म्हणाला. "अब ऐसा मिलता किधर है? पोचा निकलेगा, पर ठोकना पडेगा." सासरे म्हणाले, "परत बोल." त्याने परत सांगितलं. एवढ्यात मागे टेम्पो वाजायला लागला, म्हणून मी स्कूटर बाजूला लावायला आणि टेम्पोवाल्याची माफी मागायला गेलो. परत येईपर्यंत त्यांचं बोलणं संपलं होतं आणि कळशी कासाराकडे राहिली होती.

आम्ही परत निघालो. मग पाठीमागून आवाज आला, "जावय, तुमी ते कसं बोल्ता?"

"काय?"

"तेच. दिवसभर बोल्ता ते."

मी म्हणालो, त्यात काही नाही, नुसतं 'माझं चुकलं' म्हणायचं. ते मागे बसून सराव करू लागले. "माझं" नीट यायचं. पुढचा शब्द दर वेळी एखाद्या ट्रकखाली जायचा. ज्या विद्येत मी आयुष्यभर मुरलो त्या विद्येत हा गडी दुसऱ्याच शब्दावर अडकलेला बघून मला हसू आलं, आणि हसू आल्याचं लगेच वाईटही वाटलं.

कळशी गायब झाल्याचं सासूबाईंनी त्याच दिवशी ओळखलं. त्यांनी फळीवरची रिकामी जागा दोनदा पुसली, असं बायकोने मला सांगितलं.

शनिवारी आम्ही गेलो. सासरे दुपारीच एकटे रिक्षाने जाऊन कळशी घेऊन आले होते. कार्यक्रम संपला, टीव्ही बंद झाला. सासूबाई खाली बसून वाल सोलत होत्या. त्यांच्यासमोर सासऱ्यांनी पंचा टाकलेली कळशी आणून ठेवली आणि उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. "माझं" मला स्पष्ट दिसलं. पुढे काही येईना. सासूबाई थोडा वेळ वाट बघत राहिल्या, मग नेहमीसारखा त्यांनी पंचा ओढला.

कळशी सोन्यासारखी लखलखत होती. आणि पोचा तिथेच होता, जसाच्या तसा, न ठोकता नुसता घासून उजळलेला. सासऱ्यांनी तो स्वतःच्या हाताने सासूबाईंच्या समोर येईल असा ठेवला होता.

"जाड हाय," सासरे म्हणाले.

"काय?"

"पत्रा. जाड हाय गो. पातल न्हवता."

सासूबाईंनी बोटं पोच्यात ठेवली. वालाची सालं चिकटलेली ती ओली बोटं तिथेच राहिली. मग त्या म्हणाल्या, "मना म्हाईत हाय. ज्यानं ऐकायचं, तो भलतंच ऐकून गेला."

सासरे खाली बसले. मग सासूबाई उठल्या, कळशी कडेवर घेऊन नळावर गेल्या, भरून आणली आणि तिच्यातल्या पाण्याचा चहा टाकला. सासऱ्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप उलटा करून दाखवला. त्या शनिवारी ते रडले नाहीत. रडलो मी, आणि त्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली.

पुढल्या खेपेला गेलो तर कळशी फळीवर, आणि पोचा भिंतीकडे. मला वाटलं, सासऱ्यांची जुनी खोड परत आली. पण तेवढ्यात तेच उठले आणि त्यांनी पोचा पुढे केला. घटकाभराने सासूबाई आल्या, धूळ पुसल्यासारखं केलं आणि तो पुन्हा भिंतीकडे वळवला. तेव्हापासून हे असंच चालू आहे. ते दाखवतात, त्या झाकतात.

हल्ली सासऱ्यांना गुडघ्यांमुळे चटकन उठवत नाही. कानांनीही साथ सोडत आणली आहे. कार्यक्रमाचे जुनेच भाग पुन्हा लागतात, आणि कापड केव्हा हलणार हे पाठ असल्याने ते आधीच सोगा डोळ्यांना लावतात. मधेच फळीकडे बघून मला मानेने खूण करतात. मी उठतो, कळशी फिरवतो, आणि तिला हात लावताना सवयीने माझ्या तोंडून निघून जातं, "माझं चुकलं हं." कुणाला म्हणतो ते मलाही ठाऊक नसतं.

पूर्वी ते हसले असते. आता कानामागे हात धरतात.

"जरा मोठ्यानं बोला, जावय," म्हणतात.